मग मी पडलो कुठं?

आमच्या घरात एक माणूस बसत नाही. कुठं बसायचं, उठताना कशाला धरायचं आणि आपल्याकडं कोण बघतंय, एवढं सगळं तो आधी पाहून घेतो आणि मग बहुतेक वेळा उभाच राहतो. हा माणूस म्हणजे माझा नवरा. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आले, त्याला आता तीन वर्षं झाली. उजवा गुडघा पार गेलाय आणि उजव्याचा भार वाहून वाहून डावाही त्याच वाटेला लागलाय.

तरी रोज सकाळी केडगावातून शेअर रिक्षा पकडून हे सावेडीला जातात आणि कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या दारात रात्रीपर्यंत उभे राहतात. निवृत्त फौजीला आमच्याकडं एवढीच नोकरी मिळते. कुठल्या तरी दाराशी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. दारात खुर्ची ठेवलेली मालकाला चालत नाही. वॉचमन बसलेला दिसला तर गिऱ्हाइकावर छाप पडत नाही म्हणे. मी एकदा म्हटलं, मी येऊन मालकाशी बोलते. त्यावर हे असे बघायला लागले, की मीच दुकान लुटायला निघालेय.

मी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर पोरांची वजनं करायची आणि नोंदवहीत लिहायची, हा माझा धंदा. वहीत लिहिलं ते खरं, मग पोरगं समोर कसंही दिसो, हे मला कुणी शिकवायला नको. शिकवायला नको होतं, असं म्हणते.

मला एकच गोष्ट हवी होती. ह्यांना अपंगत्वाची पेन्शन मिळावी, ह्यांनी ते दार सोडावं आणि घरी येऊन बसावं. पोरीचं नर्सिंगचं शिक्षण चालू आहे, तोवर नुसत्या साध्या पेन्शनीवर आणि माझ्या मानधनावर भागत नाही. अपंगत्वाची मिळाली तर भागतं. एवढं साधं गणित होतं.

ही पेन्शन मिळायला दोन गोष्टी लागतात. एक, दुखणं पुरेसं मोठं हवं. दोन, ते नोकरीमुळं झालेलं हवं, निदान नोकरीनं वाढलेलं तरी. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डानं पहिली गोष्ट कबूल केली. गुडघा निकामी आहे, असं स्वच्छ लिहिलं. आणि पुढच्या ओळीत लिहिलं, की हे नोकरीमुळं झालेलं नाही आणि नोकरीनं वाढलेलंही नाही. म्हणजे गुडघा गेला, पण नेला कुणी नाही.

तसं पत्र घरी आलं तेव्हा ह्यांनी ते मला दाखवलं नाही. गुपचूप ट्रंकेत टाकलं. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात ह्यांचा नंबर लिहिलेला. चार महिन्यांनी मी हिवाळ्याच्या गोधड्या काढायला गेले आणि पत्र हाताला लागलं. पत्रात लिहिलं होतं, की निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथं सरकारनंच सहा महिने दिले होते आणि आमच्या ह्यांनी त्यातले चार गोधड्यांखाली घातले.

“अहो, हे काय?” मी म्हटलं.

“न्हाई म्हनले ते. काय करायचं?”

“भांडायचं!”

“कुनाशी? पलटणीशी?”

ह्यांच्या तोंडून पलटण हा शब्द आला, की पुढं बोलणं खुंटतं. पण त्या दिवशी मी ऐकलं नाही. भिंगारला एक निवृत्त सुभेदार राहतात. पुढच्या खोलीत टेबल टाकून माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतात. मी ह्यांना रिक्षात घातलं आणि तिकडं नेलं.

सुभेदार साहेबांनी विचारलं, “दुखापत कुठं झाली?” ह्यांनी सांगितलं. तेव्हा हे हवालदाराच्या खालच्या, नाईकाच्या हुद्द्यावर होते, डोंगरातल्या चौकीवर. बर्फात गस्तीवरून परतताना, पाठीवर सामान असताना, उतारावर पाय सरकला. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. दोघा जोडीदारांनी धरून आणलं. चौकीवरच्या नर्सिंगवाल्यानं पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. संपलं.

“सिक रिपोर्ट केला?”

“न्हाई, साहेब.”

सुभेदार साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. पलटणीत दुखणं लपवतो तो मर्द आणि सांगतो तो कामचोर. शिवाय ह्यांचा हवालदारकीचा कोर्स तोंडावर आला होता. गुडघ्याची नोंद झाली असती तर मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती, आणि कॅटेगरी गेली की कोर्स गेला, कोर्स गेला की हवालदारकीची तिसरी फीत गेली. म्हणून ह्यांनी गुडघा लपवला. तिसऱ्या फितीसाठी गुडघा दिला, असं मी रागात म्हणते.

त्या दोन जोडीदारांपैकी एकाचा नंबर कसाबसा मिळाला. बिचाऱ्यानं सगळं आठवून, सही करून पाठवलं. ते जोडून पहिलं अपील गेलं. मी त्या पाकिटावर हात ठेवून प्रार्थना केली. पोस्टातला माणूस म्हणाला, बाई, सोडा आता.

वर्षभरानं उत्तर आलं. अपील नामंजूर. कारण असं, की अर्जदाराला इजा रजेवर असताना, स्वतःच्या घरी झालेली आहे, तिचा ड्यूटीशी संबंध नाही.

मी तीन वेळा वाचलं. “घरी? तुम्ही घरी कधी पडलात?”

हे चहा पीत उभे होते. कप खाली ठेवला. “त्यांचं कायतरी चुकलं असंल. जाऊ दे आता.”

“काय जाऊ दे? दुसऱ्याच कुणाचा कागद तुमच्या फायलीत घातलाय मेल्यांनी!”

मी त्या दिवशी कुठल्या कुठल्या कारकुनांना शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं हे खातं, असं शेजारणीलाही सांगून आले. हे ओट्याला टेकून सगळं ऐकत होते. ह्यांच्या तोंडावर राग नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सुभेदार साहेब म्हणाले, माहितीच्या अधिकारात फायलीतले सगळे मेडिकल कागद मागवून घेऊ. मागवले. दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं, ते मी अंगणवाडीतून आल्यावर एकटीच उघडून बसले. एकेक कागद बाजूला ठेवत गेले आणि मध्येच एका झेरॉक्सवर तिसगावच्या एका डॉक्टरांचा शिक्का दिसला.

इंग्रजी मला कामापुरतं येतं. रजेवर असताना शेताच्या बांधावरून घसरून पडल्यानं उजव्या गुडघ्याला इजा. पंधरा दिवस सक्त विश्रांती. खाली तारीख. ती तारीख आमच्या पोरीच्या बाप्तिस्म्याच्या आधीच्या आठवड्यातली होती.

त्या कागदात कुणा कारकुनाची चूक नव्हती. तो कागद माझा होता, आणि इतक्या वर्षांत मी तो साफ विसरले होते.

त्या वेळी आम्ही तिसगावजवळच्या गावी राहत होतो. पोरगी दीड महिन्याची होती. हे सुट्टीवर आले ते लंगडतच. गुडघा टरबुजासारखा सुजलेला. मी रोज हळदीचा लेप लावायचे आणि हे भिंतीला धरून चालायचे. सुट्टी गुरुवारी संपत होती. आमच्या पाळक साहेबांकडं तेव्हा पाच गावांच्या चर्चच्या मंडळ्या होत्या, आमच्या गावची पाळी त्याच्या पुढच्या रविवारी. म्हणजे पोरीच्या बाप्तिस्म्याला बाप नाही. लग्नाला दोन दिवस उशीर झालेला हा माणूस, थोरल्या पोराच्या मयतीला पोचू न शकलेला हा माणूस. आमचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, ते ह्यांनी पाहिलंच नाही. मी ठरवलं, ह्या वेळी सोडायचं नाही.

फौजीच्या बायकांना हा रस्ता माहीत असतो. आई सीरियस म्हणून तार करायची, नाहीतर डॉक्टरचा कागद पाठवायचा, की सुट्टी वाढते. ज्यांच्या आया तारेत चार-चार वेळा सीरियस झाल्या, त्या अजून हुरडा खातायत. त्यात कुणाला पाप वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

मी एस.टी.नं तिसगावला गेले, ह्यांना घेऊनच. ह्यांना बाहेर बाकावर बसवलं, कारण ह्यांना खोटं बोलता येत नाही. आत जाऊन मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “ड्यूटीवरचं असंल तर नगरला मिलिटरी हॉस्पिटलला न्या. मला लिहिता येत न्हाई.” तिथं नेलं असतं तर लपवलेला गुडघा उघडा पडला असता; गावच्या डॉक्टरच्या कागदानं नुसती सुट्टी वाढते, कॅटेगरी कुणी बघत नाही. ह्यांची फीत गेली असती आणि बाप्तिस्माही गेला असता. मी म्हणाले, “ड्यूटीवरचं नाही हो. परवा बांधावरून घसरले.”

मग डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून गुडघा तपासला. सूज खरी होती, दुखणं खरं होतं. कुठं झालं, तेवढं एकच खोटं होतं. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, विश्रांती लिहिलीय.

रविवारी बाप्तिस्मा झाला. ह्यांनी पोरीला दोन्ही हातांवर धरलं होतं, डाव्या पायावर भार टाकून. तो फोटो अजून भिंतीवर आहे. झेरॉक्स हातात धरून मी त्या फोटोसमोर उभी राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं दुसऱ्यांना म्हणताना आपण हसतो.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पाच दिवस कागद माझ्या पर्समध्ये होता. ह्यांचा डबा भरायचे, हे गुडघ्याला पट्टी बांधून निघायचे, आणि मी दारात उभी राहून ह्यांची पाठ बघायचे. चार पावलं नीट, मग एक पाऊल घसटत. कोपऱ्यापर्यंत हे न लंगडता जायचा प्रयत्न करतात, कारण आळी बघत असते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की थांबा, परत या, मी केलंय हे. आणि मी दार लावून घ्यायचे.

सहाव्या दिवशी रजा टाकून तिसगावला गेले. डॉक्टर सापडले. आता थकलेत, दवाखाना बंद आहे, घराच्या ओट्यावर बसून होते. मी कागद दाखवला, सगळं सांगितलं आणि हात जोडले. म्हटलं, एवढंच लिहून द्या, की कारण मी सांगितलं म्हणून लिहिलं, ते तुम्ही पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. “सही माझीच हाय. पन बाई, पेशंट सांगंल ते आमी लिहितो. पडला कुठं ते बघाया मी बांधावर थोडाच आल्तो?”

“तेच लिहून द्या ना.”

“अन् उद्या कुनी इचारलं, की न बघता फौजीला सर्टिफिकेट दिलंच कसं, तर? सारी हयात हितं काढली म्या. आता शेवटाला खोटा डॉक्टर म्हनून नाव घेऊ व्हय?” त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. “तुमी सांगितलं हुतं, बाई. तुमीच लिहून द्या.”

खोटं काही बोलले नाहीत ते. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं, ते पिऊन मी निघाले. एस.टी.त खिडकीला डोकं लावून करंजीचा घाट संपेपर्यंत रडले. शेजारी बसलेली बाई म्हणाली, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही, आहेत अजून.

दुसऱ्या दिवशी तशीच भिंगारला गेले. सुभेदार साहेबांनी झेरॉक्स वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली. “वहिनी, बाकीचे सगळे कागद एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. त्यांना नाही म्हणायला हा एकटा पुरतो.”

“मग?”

“दुसरं अपील करता येतं. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. खोटं कारण तुम्ही सांगितलंत आणि हवालदार साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ही दुसरी ओळ महत्त्वाची आहे. ते निर्दोष राहिले पाहिजेत. खोट्या कागदावर जाणूनबुजून सुट्टी घेतली असं दिसलं, तर मग त्यांच्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

मी म्हटलं, ते तर खरंच आहे. ह्यांना ठाऊकच नव्हतं. मला जरा हायसं वाटलं. दोष सगळा माझ्या डोक्यावर घ्यायचा होता आणि मी तो आनंदानं घेत होते. सुभेदार साहेबांनी कच्चा मजकूर लिहून दिला. अपिलाच्या मुदतीला अकरा दिवस उरले होते.

घरी आल्यावर ह्यांच्यापुढं दोन्ही कागद ठेवले, तिसगावचा आणि हा नवीन. म्हटलं, “माझं चुकलं. वाचा आणि अपिलावर सही करा.” ह्यांनी तिसगावच्या कागदाकडं बघितलंही नाही. नवीन कागद वाचला. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खोटं हाय.”

“काय?”

“मला माहीत हुतं.”

मला वाटलं, मला वाचवायला बोलतायत. पण हे खाली बघत बोलत राहिले, तुटक तुटक, जसे नेहमी बोलतात. निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं आधी गुडघा लपवायच्या पलीकडं गेला, परेडमध्येच बसला, तेव्हा ह्यांना पहिल्यांदा बोर्डापुढं उभं केलं. डॉक्टरनं फाईल उघडली आणि तो कागद वाचून दाखवला. विचारलं, तू सुट्टीवर असताना घरी पडला होतास, बरोबर? तेव्हा ह्यांना कळलं मी काय लिहून घेतलं होतं ते.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“हां सर म्हनलो.”

“का?”

“न्हाई म्हनलो असतो तर इचारलं असतं, मग हे कुनी लिहून आनलं? तुझं नाव आलं असतं. डॉक्टरचं आलं असतं.” ह्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. “अन् माझी फीत बी गेली असती. उगं सगळं तुझ्यावर कशाला घालू.”

“आणि मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?”

“काय सांगायचं? तुझ्यामुळं झालं, असं सांगायचं?”

मी त्या दिवशी ह्यांना नको नको ते बोलले. तुम्ही मूर्ख आहात म्हणाले. तुमच्या एका हां सरनं आपलं वाटोळं झालं म्हणाले, जसं काही मी स्वतः बाजूला उभी राहून बघत होते. हातातलं भांडं मोरीत आदळलं, ते अजून चेपलेलं आहे. पाच दिवस मी ह्यांच्यापासून जे लपवत होते, ते हा माणूस माझ्यापासून कित्येक वर्षं लपवून बसला होता. शिव्या खात, माझ्या तोंडून कारकुनांचा उद्धार ऐकत. मला त्यांचा इतका राग आला, की मला त्यांच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं, आणि मी तेही केलं नाही. पीठ मळायला घेतलं.

जेवताना हे म्हणाले, “दुसरी ओळ काढ. मग सही करतो.”

“ती ओळ काढली तर अपिलात राहतं काय?”

“जे हाय ते राहतं. शपथेवर लिहायचं ना? एकदा खोटं लिहिलं, त्याचं हे झालं. आता दुसरं नको.”

मी इथं स्पष्ट लिहिते. मला तेव्हा खरं-खोटं काही नको होतं. मला पेन्शन हवी होती. खोटी साक्ष देऊ नको, हे मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत पाठ म्हटलंय, आणि तरी मी त्या ओळीवर दहा वेळा सही केली असती. पण अपिलावर सही ह्यांची लागत होती. मी विनवलं, अबोला धरला, फोनवर पोरीला बोलायला लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवस मात्र जात होते. नऊ, सात, पाच.

शेवटी जसं झालं तसं लिहिलं. मी खोटं कारण सांगितलं, माझ्या नवऱ्याला ते नंतर कळलं आणि बोर्डापुढं त्यांनी ते नाकारलं नाही, अमुक कारणानं नाकारलं नाही, आणि गुडघा मात्र डोंगरातच गेला आहे. सुभेदार साहेबांनी वाचून मान हलवली. “वहिनी, हातात होतं तेही घालवताय.” मी म्हटलं, ह्यांना सांगा. सुभेदार साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि पेन पुढं केलं. नोटरीनं विचारलं, शपथेवर सगळं खरं आहे ना? आम्ही दोघं एकदम हो म्हणालो.

आठ महिने गेले. ह्या आठ महिन्यांत डाव्या गुडघ्यातही पाणी झालं. हे रात्री ओट्यापाशी उभ्यानंच जेवायला लागले, कारण एकदा खाली टेकलं की उठवत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभी राहायचे.

पत्र आलं तेव्हा ते घेऊन आम्ही दोघं भिंगारला गेलो. मला ते एकटीनं वाचायचं धाडस झालं नाही. सुभेदार साहेबांनी वाचलं आणि सावकाश मराठीत सांगितलं. तिसगावचं प्रमाणपत्र खोटं असल्याचं अर्जदार आणि त्याची पत्नी स्वतःच कबूल करतात, त्यामुळं त्यातलं कारण विश्वास ठेवण्याजोगं नाही. पण डोंगरात इजा झाल्याची त्या वेळची कुठलीही नोंद नाही. आणि अर्जदारानं बोर्डापुढं असत्य सांगितलेलं असल्यानं त्याचं आताचं म्हणणंही ग्राह्य धरता येत नाही. अपील नामंजूर.

हे खिडकीच्या गजाला धरून उभे होते. “म्हंजी मी बांधावरनं पडलो न्हाई, हे त्यांनी मानलं.”

“हो,” सुभेदार साहेब म्हणाले.

“अन् डोंगरात पडलो, हे न्हाई मानलं.”

“नाही.”

“मग मी पडलो कुठं?”

सुभेदार साहेबांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, अजून मुंबईला फौजेच्या लवादापुढं जाता येतं. वकील लावावा लागेल, खेपा माराव्या लागतील, काही वर्षं जातील. हे म्हणाले, बघू. हे बघू म्हणतात तेव्हा ते नाही असतं, हे मला ह्यांच्या फौजेतल्या सुट्ट्यांनी शिकवलंय.

पुढचा रविवार आला. शनिवारी दुकानात सेल होता, बारा तास दाराची उघडझाप. रविवारी सकाळी हे उपासनेला आले ते नुसते पाय घासत. आमच्या केडगावच्या मंडळीत खाली सतरंज्या घालतात, मागं म्हाताऱ्यांसाठी चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हे आल्यापासून तीन वर्षं दाराशी उभे राहतात. खुर्चीत बसा म्हटलं तर म्हाताऱ्यांची जागा अडवायची नाही म्हणतात. त्या दिवशी गीत चालू असताना बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी कुणीतरी आलं. बघते तर हे. भिंतीला हात लावून हे हळूहळू खाली आले आणि सतरंजीवर बसले, उजवा पाय लांब करून. उभं राहणं संपलं होतं त्यांचं. मी गीत म्हणायची थांबले.

शेवटचा आशीर्वाद झाला, लोक उठले. हे उठले नाहीत. भिंत धरून बघितली, हात घसरला. मग सगळ्यांच्या देखत माझ्याकडं हात केला. मी दोन्ही हातांनी ओढलं. अर्ध्यावर आले आणि पुन्हा बसले, ह्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. चपला घालायला निघालेल्या बायका वळल्या. एकीनं विचारलं, “काय झालं हो?”

ह्याला आमच्याकडं एक ठरलेलं उत्तर आहे. पायाला मुंग्या आल्यात. लग्नात, मयतीला, रिक्षात, सगळीकडं तेच दिलंय. ह्यांनी तोंड उघडलं, “काय न्हाई, मुंग्या...”

“मुंग्या नाहीत,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला, की पाळक साहेबही थांबले. “गुडघा गेलाय ह्यांचा. दोन्ही गेलेत. बर्फात पडले होते, ड्यूटीवर. मी खोटं सांगितलं सुट्टीसाठी, म्हणून आता कुणी मानत नाही. मला एकटीला उचलत नाहीत हे. कुणीतरी या.”

चौघं आले. दोघांनी काखेत धरलं, एकानं कंबरेला, पाळक साहेबांनी हात दिला. उभं केलं. हे माझ्याकडं बघत नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलणार नाही. सगळ्या मंडळीसमोर मी ह्यांचं लपवलेलं सगळं बाहेर काढलं होतं.

दारातून बाहेर पडताना हे थांबले आणि पाळक साहेबांना म्हणाले, “साहेब, एक खुर्ची मिळंल का?”

मी चपला शोधून वळले, तर हे अंगणात, उन्हात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. लोक आजूबाजूनं जात होते, कुणी विचारत होतं, कुणी नुसतं बघत होतं, आणि हे बसून होते. तीन वर्षं मला एवढंच बघायचं होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले, तसा ह्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि खाली बघूनच विचारलं, “मुंबईला कधी जायचं मग?” मी म्हटलं, सुभेदार साहेबांना विचारते. मग आम्ही आणखी थोडा वेळ तिथंच थांबलो, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि दुकान दहाला उघडतं.